सकाळी पास झालेली शीट दुपारी नापास का वाटते

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफसेट प्रेसमध्ये औषधांचे कार्टन आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं छापली जातात. सकाळी सही करून ठेवलेली ओके शीट, म्हणजे मंजूर नमुना, दुपारी त्याच माणसाला वेगळी, जरा फिकी वाटते. उलट लागोपाठ चार-पाच लालसर शीट पाहिल्यावर आलेली बरी शीटही लालसरच वाटते. आधी पाहिलेलं मेंदू आत्ताच्या दिसण्यात मिसळतो असं वाचलं, ते खरं का, आणि खरं असेल तर तपासणीच्या टेबलावर त्याचं करायचं काय?

खरं आहे. पण ‘मिसळतो’ एवढ्यावर थांबलात तर उपाय चुकेल, कारण आधी पाहिलेलं आत्ताच्या दिसण्याला दोन विरुद्ध दिशांना हलवतं. एखाद्या रंगाकडे बराच वेळ बघत राहिलात की पुढची गोष्ट त्या रंगापासून दूर ढकलली जाते. तीच गोष्ट ओझरती पाहून लगेच पुढच्या, जवळपास तशाच गोष्टीवर मत दिलंत की ते मत मागच्या गोष्टीकडे ओढलं जातं. नजर भराभर फिरवली तर ढकलणं कमी होतं आणि ओढणं वाढतं. नजर रोखून बघत बसलात तर उलटं. म्हणून तुमच्या टेबलावर यातलं कोणतं चालू आहे ते आधी ओळखायला हवं.

त्याहीआधी मेंदूला निर्दोष सोडून काही गोष्टी तपासा, कारण दुपारची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. साधी ऑफसेट शाई ओली असताना चकचकीत आणि गडद दिसते. सुकल्यावर चकाकी जाते आणि डेन्सिटी, म्हणजे शाईचा गडदपणा, उतरते, अनकोटेड (बिनलेपाच्या) कागदावर जास्तच. म्हणजे सकाळची ओली शीट आणि दुपारची सुकलेली शीट या खरोखरच दोन वेगळ्या वस्तू आहेत. पोलरायझिंग (चकाकी गाळणारा) फिल्टर असलेला डेन्सिटोमीटर, म्हणजे गडदपणा मोजणारं यंत्र, वापरलात तर ओल्या-सुक्याचा फरक आकड्यात कमी येतो, डोळ्याला मात्र तो दिसतच राहतो. दुसरी गोष्ट दिवा. लाइट बूथमधल्या, म्हणजे शीट तपासायच्या प्रमाणित प्रकाशाच्या कप्प्यातल्या, ट्यूबना स्थिर व्हायला १५-२० मिनिटं लागतात, आणि अनेक उत्पादक त्या सुमारे २५०० तासांनी बदलायला सांगतात. जळत आहेत म्हणून त्या वर्षानुवर्षं तशाच ठेवल्या जातात. तिसरी गोष्ट खिडकी. दुपारचं ऊन बूथच्या उघड्या बाजूने आत येत असेल तर पुढचं सगळं वाचणं व्यर्थ आहे. आधी पडदा लावा. छपाईसाठीच्या आयएसओ ३६६४ या मानकात चिकित्सक तपासणीला डी५० (दिवसाच्या उजेडाचा ठरवून दिलेला नमुना) प्रकाश आणि २००० लक्स (५०० इकडे-तिकडे) सांगितले आहेत, भोवतालचा पृष्ठभाग तटस्थ आणि बिनचकाकीचा हवा. बूथच्या भिंतीवर वेळापत्रक, देवाचं कॅलेंडर आणि पिवळ्या चिकटचिठ्ठ्या लावलेल्या असतात, त्यांचं काय करायचं ते यावरून कळेल.

एवढं करूनही फरक उरला, तर तो डोळा आणि मेंदूचा.

आधी ढकलणं घेऊ. दृष्टीच्या पेशी सततच्या उद्दीपनाला हळूहळू कमी प्रतिसाद देऊ लागतात. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींपासून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत प्रत्येक टप्प्यावर हे होतं. मजेंटा (छपाईतली गुलाबी-लाल शाई) जास्त असलेल्या शीटकडे मिनिटभर बघितलंत की मजेंटा ही नवी ‘मधली’ पातळी ठरते, आणि त्यानंतरची बरोबर शीट हिरवट, मजेंटा कमी पडल्यासारखी दिसते. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्स धबधब्यापाशी हेच गतीच्या बाबतीत नोंदवलं होतं: पडणाऱ्या पाण्याकडे टक लावून मग शेजारच्या खडकाकडे पाहिलं की खडक वर सरकताना दिसतो. तत्त्व एकच.

याचे वेळेचे आकडे कामाचे आहेत. प्रकाशाच्या रंगाशी डोळ्याचं जुळवून घेणं दोन टप्प्यांत होतं: एक जवळजवळ तत्काळ, सेकंदाच्या आसपास, दुसरा संथ, ४०-५० सेकंदांच्या गतीने. मिनिटभरात बहुतांश काम होतं आणि दोन मिनिटांत ते जवळपास पुरं होतं. म्हणून बाहेरच्या पिवळसर एलईडीखालून किंवा उन्हातून आलेल्या माणसाने बूथसमोर उभं राहून दोन मिनिटं काहीही ठरवू नये. ही दोन मिनिटं शीटकडे बघण्यात घालवायची नाहीत, रिकाम्या करड्या तळाकडे बघण्यात घालवायची. मोबाइलकडे तर नाहीच. त्याच्या पडद्याचा पांढरा बहुधा डी५० पेक्षा बराच निळा असतो.

काही परिणाम मात्र मिनिटांत जात नाहीत. १९६५ मध्ये सेलेस्ट मॅककोलो यांनी नारिंगी-काळ्या उभ्या रेघा आणि निळ्या-काळ्या आडव्या रेघा आलटूनपालटून काही मिनिटं दाखवल्या. नंतर काळ्या-पांढऱ्या रेघा पाहिल्या तर उभ्या रेघांतला पांढरा निळसर-हिरवट आणि आडव्यांतला नारिंगी छटेचा दिसत होता. १९७५ च्या एका प्रयोगात १५ मिनिटं बघितल्यावर हा परिणाम साडेतीन महिन्यांपर्यंत टिकला, अट एवढीच की मधल्या काळात तो तपासून पाहिलेला नसावा. बारकोड, रेघांचे पॅटर्न, बारीक आडव्या पट्ट्यांचे कार्टन ज्यांच्या नजरेखालून तासन्‌तास जातात त्यांनी हे लक्षात ठेवावं. पट्टीवर रंगाची छटा दिसली तर शीट ९० अंशांत फिरवा. छटा शाईची असेल तर ती शीटबरोबर फिरेल. तुमच्या डोळ्यातली असेल तर रेघांची दिशा बदलताच ती जाईल किंवा उलट रंगाची होईल.

आता ओढणं. याचा पद्धतशीर अभ्यास तुलनेने नवा आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातल्या जेसन फिशर आणि डेव्हिड व्हिटनी यांनी लोकांना एकामागून एक तिरकस रेघांचे ठिपके दाखवले आणि प्रत्येकाचा कल विचारला. उत्तरं आधीच्या ठिपक्याच्या कलाकडे झुकलेली निघाली. दोन कलांमधला फरक २०-३० अंशांचा असताना ओढ सर्वांत जास्त होती; फरक फार वाढला की ती विरून जात होती. परिणाम साधारण १०-१५ सेकंद मागेपर्यंत पोचत होता, तो लक्ष देऊन पाहिलेल्या गोष्टीचाच आणि जवळपासच्या जागेतलाच होता. नंतर चेहरे, ठिपक्यांची संख्या, रंगाची आठवण अशा बऱ्याच ठिकाणी तो सापडला. बर्कलीच्याच गटाने २०२१ मध्ये रेडिओलॉजिस्टांना संगणकावर बनवलेल्या गाठींसारख्या आकृत्या दाखवल्या. त्यांचेही निर्णय आधीच्या आकृतीकडे झुकत होते. वर्षानुवर्षांच्या सरावाने ही सवय जात नाही, एवढं त्यातून निश्चित कळतं.

मेंदू असं का करतो याचं उत्तर गणितात आहे. डोळ्याकडून येणारं प्रत्येक मोजमाप थोडं डळमळीत असतं. जगातल्या वस्तू मात्र सेकंदा-सेकंदाला फारशा बदलत नाहीत. तेव्हा मागच्या मोजमापाचा थोडा अंश आत्ताच्या मोजमापात घातला तर सरासरी चूक कमी होते. किती अंश घालायचा ते दोन्हींच्या डळमळीतपणावर ठरतं. वजन हे त्या डळमळीतपणाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. उदाहरणापुरते आकडे घ्या: आत्ताच्या नजरेचा डळमळीतपणा ४ एकक, मागच्या आठवणीचा ८. वजनं १/१६ आणि १/६४, म्हणजे ८० टक्के आत्ताचं आणि २० टक्के मागचं. मागची शीट ५६ टक्के डॉटची (कागदाचा तेवढा भाग शाईच्या बारीक ठिपक्यांनी झाकलेला) आणि आत्ताची ५० ची असेल तर जाणवेल ५१.२. आता बूथमधली एक ट्यूब गेली, माणूस थकला, शीट अर्धा सेकंदच पाहिली, आणि आत्ताच्या नजरेचा डळमळीतपणाही ८ झाला. वजनं निम्मी-निम्मी, जाणवेल ५३. शीट तीच, फरक १.२ टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर गेला. खराब प्रकाशात माणूस जास्त चुकतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो मागच्या शीटच्या दिशेने चुकतो, हे माहीत नसतं.

इथे जाणकारांतही एक वाद आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या फ्रित्शे, मोस्टर्ट आणि द लांग यांनी दाखवलं की आकृत्या समोरासमोर ठेवून तुलना करायला लावली तर मागच्या आकृतीचा परिणाम ढकलण्याचा दिसतो, आणि आठवणीतून उत्तर द्यायला लावलं तर ओढण्याचा. म्हणजे ओढ ही दिसण्यात नसून निर्णयात आहे, असं त्यांचं म्हणणं. व्हिटनींचा गट ती दिसण्यातच आहे म्हणतो. प्रेसच्या कामासाठी या वादाचा निकाल लागायची वाट बघायची गरज नाही, कारण दोन्ही बाजूंच्या प्रयोगांतून टेबलावरचा उपाय एकच निघतो: आठवणीतून उत्तर देऊ नका. ओके शीट एकदा नजरेखालून घालून मग वीस शीट तिच्या आठवणीवर तपासणं ही पद्धत बहुतेक ठिकाणी चालते, आणि तीच सगळ्यात वाईट आहे.

तुमच्याकडे नक्की काय होतंय ते मोजायचं असेल तर चाचणी घरच्या घरी करता येते. प्रूफिंग प्रिंटरवर (छपाईआधीचा नमुना, म्हणजे प्रूफ, काढतात त्यावर) मजेंटाचे सात चौकोन काढा, प्रत्येकी ५ सेंटिमीटरचे: ४४, ४६, ४८, ५०, ५२, ५४, ५६ टक्के डॉट. स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) मोजून पायऱ्या खरोखर समान आहेत ना ते बघा. नसतील तर मोजलेले आकडेच पुढे वापरा. प्रत्येक चौकोन करड्या पुठ्ठ्यावर डकवून मागे १ ते ७ आकडा लिहा. सुरुवातीला सातही पायऱ्या आकड्यांसह ओळीने दाखवून घ्या. मग प्रत्येक पायरी २० वेळा येईल असा १४० दर्शनांचा क्रम संगणकाकडून विसकटून घ्या. मनाने विसकटलेला क्रम चालत नाही, कारण माणूस नकळत एकच पायरी लागोपाठ यायचं टाळतो. दुसऱ्या माणसाने एक सेकंद चौकोन दाखवायचा आणि झाकायचा. तपासनीसाने १ ते ७ मधला आकडा सांगायचा. मग पाच सेकंद करडा पुठ्ठा. एकूण वीस मिनिटांच्या आत काम होतं. बरोबर-चूक काही सांगायचं नाही, ‘अरे वा’सुद्धा नाही.

स्प्रेडशीटमध्ये रकाने असे: खरी पायरी, उत्तर, चूक (उत्तर वजा खरी पायरी), मागची पायरी, पुढची पायरी. इथे बहुतेक जण घसरतात. थेट ‘मागची जास्त होती तेव्हाची सरासरी चूक’ काढली तर ओढ नसतानाही ओढ दिसते. कारण माणसं टोकाच्या पायऱ्यांना आपोआप मधल्या बाजूची उत्तरं देतात. सातला सहा, एकला दोन. आणि सातच्या मागची पायरी बहुतेक वेळा तिच्याहून लहानच असणार. म्हणून आधी प्रत्येक खऱ्या पायरीची स्वतःची सरासरी चूक काढून ती त्या पायरीच्या सगळ्या ओळींतून वजा करा. उरलेल्या चुकीची सरासरी दोनदा काढा: मागची पायरी ५-६-७ असताना आणि १-२-३ असताना. पहिलीतून दुसरी वजा केल्यावर उत्तर धन आलं तर ओढ, ऋण आलं तर ढकल.

हाच हिशेब मग पुढच्या पायरीसाठी करा. अजून न पाहिलेल्या चौकोनाचा परिणाम होणं शक्य नाही, म्हणून तिथे शून्याच्या आसपास उत्तर यायला हवं. येत नसेल तर क्रम विसकटण्यात किंवा रकान्यात चूक आहे. शेवटी ‘मागची पायरी’ हा रकाना २० वेळा विसकटून तोच फरक काढून पाहा. खरा फरक त्या विसांपेक्षा मोठा असेल तरच त्यावर विश्वास ठेवा. मशीनच्या रोजच्या तपासणी-नोंदींवरून हा हिशेब करायचा मोह आवरा. मशीन हळूहळू सरकतं, लागोपाठच्या शीट मुळातच एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे तिथे ओढ दिसणारच.

दोन फेरफार करून हीच चाचणी पुन्हा घेतली तर निदान पक्कं होतं. मधलं अंतर ५ ऐवजी २० सेकंद करा. फरक खाली आला तर ती ओढ होती. चौकोन एक सेकंदाऐवजी ३० सेकंद दाखवा. चिन्ह धनाचं ऋण झालं तर ढकल कामाला लागली. या लांब फेऱ्यांना ७० दर्शनं पुरेत. त्याहून जास्त घेतलीत तर माणूस कंटाळेल, आणि तुम्ही कंटाळाच मोजत बसाल.

टेबलावरच्या व्यवस्थेचं आता सांगतो. ओके शीट आणि तपासायची शीट एकमेकींना चिकटून हव्यात. ओके शीटची एक कड कापून तिचा महत्त्वाचा भाग थेट दुसरीवर ठेवता आला तर उत्तम, कारण मध्ये पांढऱ्या कागदाची पट्टी आली तरी तुलना सैल होते. दोन्ही एकाच वेळी डोळ्यासमोर असल्या की मागचं काही असेल ते दोघींवर सारखंच लागू होतं आणि फरक शाबूत राहतो. तीन-चार सेकंद बघा, ठरवा, नजर करड्या तळावर न्या, पुढची शीट घ्या. सेकंदभराची नजर ओढीला बळी पडते, अर्ध्या मिनिटाची ढकलीला. तीन-चार सेकंद हा मधला मार्ग आहे. शंका आली तर आणखी बघत बसण्यापेक्षा दोन शीटच्या जागा उजव्या-डाव्या बदलून पुन्हा बघा. फरक जागेबरोबर राहिला तर दिव्याचा, शीटबरोबर गेला तर शाईचा. यंत्र हाताशी असेल तर आकडा घ्या. शेजारी-शेजारी ठेवलेल्या गुळगुळीत भागांत डेल्टा ई २०००, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, साधारण १ च्या पुढे गेला की सरावलेल्या नजरेला फरक जाणवतो. यंत्र ०.६ दाखवतंय आणि तपासनीस ‘भयंकर लाल’ म्हणतोय, तर दोष शीटचा नाही.

ओके शीटही म्हातारी होते. कोरडी ओके शीट ओल्या शीटशी जुळवायची असेल तर किती फरक सोडून द्यायचा ते त्या कागद-शाईच्या जोडीसाठी एकदा मोजून लिहून ठेवा: शीटवरच्या त्याच जागी छापल्याबरोबर, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी.

आत्तापर्यंतचं सगळं सेकंद-मिनिटांच्या आठवणीबद्दल होतं. पाळीभराची आठवण वेगळ्या प्रकारे त्रास देते. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नकली बॅगांच्या चित्रांत वस्तू शोधायला लावल्या. निम्म्या चित्रांत वस्तू होती तेव्हा ७ टक्के वस्तू हुकल्या. १ टक्का चित्रांतच होती तेव्हा ३० टक्के हुकल्या. बराच वेळ काही सापडलं नाही की मेंदू ‘नाही’ म्हणायला लवकर तयार होतो आणि शोध लवकर सोडतो. तुमची लाइन चांगली चालत असेल तर हा धोका वाढतो. चांगल्या मशीनवरच्या तपासनीसावर म्हणूनच डोळे मिटून भरवसा ठेवू नये. विमानतळांवर खऱ्या बॅगांच्या एक्स-रेमध्ये अधूनमधून नकली शस्त्राचं चित्र घुसवतात ते याचसाठी. प्रेसमध्ये खूण केलेल्या, दोष असलेल्या शीट गठ्ठ्यात मिसळता येतात. त्यांचे क्रमांक नोंदवहीत आधी लिहा, पाळी संपायच्या आत सगळ्या परत मोजून घ्या. औषधाच्या कार्टनमध्ये एक जरी बाहेर गेली तरी महागात पडेल. पाळीच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटं दोष भरपूर असलेला गठ्ठा देऊन लगेच बरोबर-चूक सांगणं हाही उपयोगी मार्ग आहे.

त्याहून जुनी आठवण म्हणजे वस्तूचं ज्ञान. २००६ मध्ये जर्मनीतल्या गीसन विद्यापीठात लोकांना केळ्याचं चित्र पूर्ण करडं करायला सांगितलं. त्यांनी ते किंचित निळसर केलं. खरोखर करडं केळं त्यांना अजून थोडं पिवळं दिसत होतं, म्हणून त्यांनी पिवळा मारायला निळा घातला. झेंडू, हापूस, त्वचा, पानं असलेल्या मुखपृष्ठावर ग्राहक ‘अजून थोडा पिवळा’ म्हणतो तेव्हा तो शीटची तुलना प्रूफशी करत नसून मनातल्या झेंडूशी करत असतो. तोडगा स्वस्त आहे. करड्या पुठ्ठ्याला दोन सारखी, साधारण २५ मिलिमीटरची भोकं पाडा. एकातून प्रूफचा आणि दुसऱ्यातून शीटचा तोच भाग दाखवा. झेंडू दिसेनासा झाला आणि नुसता रंग उरला की वाद बहुतेक वेळा संपतो.

अक्षरांच्या बाबतीत हे ज्ञान सगळ्यात जास्त घात करतं. मुखपृष्ठावर ‘दिपावली’ छापून येतं आणि सहा जणांच्या हाताखालून जातं, कारण सहाही जण शब्द ओळखतात, अक्षरं वाचत नाहीत. ज्याने मजकूर लिहिला त्याने मुद्रितशोधन करणं म्हणजे न करण्यासारखंच. शीर्षकं शेवटच्या शब्दापासून उलटी वाचा, एकेका अक्षराच्या वेलांटीवर बोट ठेवून. मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने शीट बघायची ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची आहे. वाचणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ उच्चारून सांगायचे. टाइप बदलून किंवा आकार दीडपट करून काढलेली प्रतही मदत करते. औषधाच्या मात्रेचे आकडे मात्र फक्त जोडीने तपासायचे, एकट्याने कधीही नाही.

आणि एकदा दिसलेलं ‘न दिसलेलं’ करता येत नाही. १९५७ मध्ये क्रेग मूनी यांनी नुसत्या काळ्या-पांढऱ्या डागांत उतरवलेले चेहरे वापरले. अशा प्रकारच्या चित्रात सुरुवातीला काहीच कळत नाही; एकदा खरा चेहरा दाखवला की पुढे तो दिसतच राहतो, हटवू म्हटलं तरी हटत नाही. म्हणून ‘इथे डाग आहे का बघ’ असं सांगून दुसरं मत मागितलंत, तर ते दुसरं मत नव्हे. २००४ च्या माद्रिदमधल्या रेल्वे स्फोटांच्या तपासात एफबीआयने एका बोटाच्या ठशाची जुळणी चुकीच्या माणसाशी केली. नंतरच्या सरकारी चौकशीत एक कारण असं आलं की त्या माणसाच्या ठशात पाहिलेल्या खुणा तपासनीसांना नंतर घटनास्थळाच्या अस्पष्ट ठशातही सापडत गेल्या. प्रेसमध्ये दुसऱ्याला तक्रार न सांगता पाच शीट द्या, त्यातली एकच वादातली. पाहणाऱ्याला आधी अस्पष्ट वस्तू, मग तिच्याबद्दलची निरीक्षणं लिहून घेणं, आणि त्यानंतरच स्पष्ट नमुना, हा क्रम उलटू देऊ नका.

कार्टनवर एम्बॉसिंग (दाबून काढलेला उठाव) असेल तर एक आणखी जुना थर समोर येतो. प्रकाश वरून येतो हे गृहीत धरून मेंदू छायेवरून खोलगट-उठाव ठरवतो. बूथचा दिवा तुमच्या दृष्टीने शीटच्या खालच्या कडेकडून पडत असेल तर उठावलेलं बोधचिन्ह दबलेलं दिसू शकतं. फोटो पाठवून मंजुरी घेताना हे हमखास होतं, कारण फोटो कोणी कोणत्या दिशेला उघडला ते आपल्याला कळत नाही. फोटोत प्रकाशाची बाजू बाणाने दाखवा, आणि प्रत्यक्षात शंका आली तर बोट फिरवा. २००४ मध्ये ॲडम्स, ग्राफ आणि अर्न्स्ट यांनी स्पर्शाच्या सरावाने लोकांचं हे वरच्या प्रकाशाचं गृहीतक बाजूला सरकवून दाखवलं, म्हणजे प्रौढ वयातही ते शिकता येतं.

सगळंच अनुभवातून येतं असं मात्र समजू नका. दृष्टीचे संशोधक पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या भारतीय मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया होते. २०११ च्या त्यांच्या अहवालात दिसलं की नुकतीच दृष्टी आलेल्या मुलांना हाताने ओळखलेली वस्तू नजरेने लगेच ओळखता येत नव्हती, पण काही दिवसांतच येऊ लागली. आणि २०१५ मध्ये त्याच प्रकल्पातल्या ८ ते १६ वर्षांच्या ९ मुलांना सारख्या लांबीच्या रेघा लहान-मोठ्या भासवणारे दोन प्रसिद्ध भ्रम दाखवले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा नीट बघणारी ती मुलंही लगेच फसली. त्यांच्याजवळ पाहण्याचा भूतकाळच नव्हता. म्हणून बाणासारख्या टोकांमध्ये किंवा एकत्र येणाऱ्या रेघांमध्ये बसवलेल्या पट्टीची लांबी नजरेने ठरवायला तपासनीसाला शिकवत बसू नका. तिथे फूटपट्टी द्या.